तीन डोंगरांची खुशाली

देवास, थोरली पाती
अधिक श्रावण शुद्ध एकादशी, शके १८३१

चिरंजीव चिंतामणी भावोजी, मुक्काम जुरा बेट, यांस बकुळावहिनीचे आशीर्वाद, आणि आशीर्वादामागोमाग पाठीत एक धपाटा.

धपाटा कशासाठी ते आधी ऐका. तुमचे पत्र नेहमीप्रमाणे तुमच्या दादांच्या कचेरीत आले. त्यांनी ते अंगरख्याच्या आत दडवून घरी आणले. मी चुलीपुढे बसून उघडते तर काय, चार पाने नुसते डोंगर! डॉक्टरी पास झालात, ग्लासगो सोडून बोटीने त्या बेटावर गेलात, तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काही महिने काम करणार, हे सगळे दोन ओळींत उरकलेत. मग डोंगर सुरू. तीन आहेत, खांद्याला खांदा लावून उभे आहेत, माथ्याला गोल आहेत, झाड नाही, झुडूप नाही, नुसता करडा-पांढरा दगड वरून खाली घसरत आलेला. बेटावर कुठेही जा, ते दिसतात. होडीत बसा, ते दिसतात. शेजारच्या बेटावरचे लोक सकाळी उठून आधी त्यांच्याकडे बघतात आणि पाऊस येणार की नाही ते ठरवतात. अहो, पण तुमचे काय? जेवता काय? खोकला गेला का? डॉक्टर झालेल्या माणसाने स्वतःची तब्येत घरी कळवायची नाही असा कायदा आहे का तिकडे?

घरी सगळे ठीक. मामंजी दुपारी बुद्धिबळ खेळतात आणि हरले की समोरच्याला पटाची दिशा चुकली म्हणून सांगतात. सासूबाईंचा हुकूम तसाच आहे. पाच वर्षांपूर्वी तुम्ही इंदूरच्या टांग्यात बसलात त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "त्याचं नाव या घरात कुणी काढायचं नाही." तेव्हापासून कुणी काढलेले नाही. मामंजींना विचारले तर म्हणतात, "आई-लेकाच्या मध्ये मी पडणार नाही." दादा तर आईपुढे मूग गिळून बसतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पण परवा एक गंमत झाली. मी दादांना तुमचे पत्र वाचून दाखवत होते. डोंगरांच्या मजकुरात पुरती बुडाले होते, आणि मागे बघते तो सासूबाई दारात! आता थांबावे तर चोरी उघडी पडते. म्हणून तशीच वाचत गेले. त्यांनी विचारले, "कुठले गं पहाड?"

"समुद्रापलीकडले," मी म्हटले.

"तीन आहेत?"

"तीन."

"हूं," म्हणाल्या, आणि निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या. मी पत्र शेवटपर्यंत वाचले. त्या उठल्या नाहीत.

भावोजी, मला एकदम सुचले. तुमचे नाव काढायची बंदी आहे. डोंगरांचे नाव काढू नका असे कुठे म्हणाल्या आहेत? तेव्हा तुम्ही खुशाल डोंगरच लिहा. फक्त एक करा. तुम्हाला भूक लागली तर डोंगराला भूक लागली म्हणा, ताप आला तर डोंगराला ताप आला म्हणा. पुढचे मी बघते.

दादांचे आशीर्वाद. ते तुम्हाला लिहिणार होते, पण कचेरीत दोन्ही राजांच्या पात्यांच्या हद्दीवरच्या एका चिंचेचा वाद आला आहे. झाड थोरल्या पातीत, सावली धाकटीत. त्यामुळे त्यांना वेळ नाही.

बकुळा


देवास
भाद्रपद वद्य तृतीया

डोंगरवासी भावोजींना आशीर्वाद.

तुमची युक्ती, म्हणजे खरे तर माझीच, लागू पडली. आता रोज कामे आवरली की सासूबाई विचारतात, "काय गं, पहाडांची काय खबर?" तुमचे पत्र महिन्यातून एकदा येते, पण मी ते पुरवून पुरवून वाचते. डोंगर सकाळी कण्हेरीसारखी कसलीशी पेज खातात, हे ऐकून त्यांनी नाक मुरडले. "त्यात तूप घालतात का विचार." डोंगरांना खोकला नाही म्हटल्यावर "बरं झालं" म्हणून उठल्या.

तिघांच्या नावांचे अर्थ तुम्ही लिहिलेत तेही वाचले. एक सोन्याचा डोंगर, एक खाडीचा आणि एक पवित्र. पवित्र म्हटल्याबरोबर त्या सरसावून बसल्या. "वर कोण आहे? कुठली देवी?" मी म्हटले, कुणी नाही, नुसते दगड आहेत. त्यांना ते पटेचना. आपल्या एवढ्याशा टेकडीवर थोरली माता आणि धाकटी माता अशा दोघी बहिणी, आणि तिथे तीन-तीन पहाड, त्यातला एक पवित्र म्हणवतो, आणि वर कुणीच नाही! जमुनाबाई गवळण दूध घेऊन आली होती. तीही घागर तशीच ठेवून बसली. म्हणाली, "काकीजी, तीन डूंगर ने एक बी माता नी? तो वां का लोग कणी के हात जोड़े?" हात जोडायला कुणीच नसलेल्या त्या बिचाऱ्या बेटकरांबद्दल दोघींना इतके वाईट वाटले की चुलीवरचे दूध उतू गेले.

आता तुमची दुसरी चूक. सोन्याच्या डोंगरावर चढलात, माथ्यावर धुक्याने घेरले, स्वतःचा हात दिसेना, दगडाला पाठ लावून बसून राहिलात, आणि मग हरणांच्या वाटेने उतरलात. ही काय हौस? हे मी वाचणारच नव्हते. पण सासूबाईंना माझ्या तोंडावरून कळते. "ढग आले ना?" म्हणाल्या. मी हो म्हटले. चुलीतले लाकूड उगाच पुढे सारले. मग म्हणाल्या, "पहाडाला लिही, धुकं पडलं की घरात बसावं." डोंगराने घरात कसे बसावे, हे मी विचारले नाही. तुम्ही समजून घ्या.

एक शंका राहिली. तुम्ही लिहिता, बेटावरचे लोक तिन्ही डोंगरांना मिळून ज्या नावाने ओळखतात ते वहिनीला लिहिण्याजोगे नाही. असे काय नाव आहे? तुमची वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होतात आणि आमसुले चोरून तोंड आंबट करून बसायचात. माझ्यापासून लपवण्यासारखे तुमच्याजवळ काय असणार? दादांना कळवा, मी त्यांच्याकडून काढून घेईन.

बकुळा


देवास
कार्तिक वद्य पंचमी

भावोजींना आशीर्वाद. या खेपेला धपाटे दोन.

पण आधी हसू. तुम्ही दादांना वेगळ्या चिठ्ठीत त्या नावाचा अर्थ कळवलात. चिठ्ठी वाचून ते कानापर्यंत लाल झाले आणि कचेरीत जातो म्हणाले. त्या दिवशी रविवार होता! मग काय, काढून घ्यायला वेळ लागला नाही. आईच्या छातीवरून नाव पडले आहे, एवढेच ना? त्यात वहिनीला न लिहिण्यासारखे काय होते? मी तशीच सासूबाईंकडे गेले आणि सांगून टाकले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. अंगावर पिणाऱ्या लेकराला दुसरं दिसतं काय?" मग जरा विचार करून, "पण तीन कसे गं?" आणि भावोजी, त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. मामंजी डाव सोडून आत आले, काय झाले म्हणून. त्यांना कुणी सांगितले नाही.

छापील कार्ड पोचले. त्यावरचे तीन डोंगर खरेच तुम्ही लिहिलेत तसे आहेत. खाली समुद्र, काठाला एक पांढरे घर, आणि मागे हे तिघे असे काही बसले आहेत की बेट त्यांचेच आहे आणि घरवाले भाड्याने राहतात. सासूबाईंनी मामंजींचा चष्मा लावून ते उलटसुलट बघितले. मग देवघरातल्या कोनाड्यात नेऊन ठेवले, आरशाच्या मागे. मी पाहिले नाही असे त्यांना वाटते.

आता धपाटे. म्हातारे डॉक्टर काम सोडणार, बेटावर दुसरा डॉक्टर नाही, तुम्ही कायमचे राहावे असा त्यांचा आग्रह, मे महिन्याअखेर उत्तर द्यायचे. इथवर मला समजले. पुढे तुम्ही लिहिता, "जिथे आई दारात उभे करणार नाही तिथे येऊन काय करू? इथे निदान डोंगर तरी रोज दिसतात." हे काय लिहिणे झाले? मला फार राग आला. रागापेक्षा जास्त वाईट वाटले, तेही लिहिते. तुम्ही आला नाहीत तर या घरात मला भांडायला माणूस नाही. दादा भांडत नाहीत, ते समजूत घालतात.

सासूबाईंना यातले मी काही वाचून दाखवले नाही. डोंगर मजेत आहेत म्हटले. त्यांनी विचारले, "पहाड जागचे हलत नाहीत ना गं?" मी नाही म्हटले. त्यांना काय कळले आणि काय नाही, देव जाणे.

तुम्ही घाईने कबूल करू नका. त्यांनी स्वतःच्या तोंडाने तुम्हाला बोलवले पाहिजे, दुसरे कुणी बोलवून उपयोग नाही, हे मलाही समजते. मला वैशाखापर्यंत वेळ द्या.

बकुळा


धार
पौष शुद्ध दशमी

भावोजींना माहेरवाशिणीचे आशीर्वाद.

भावाच्या मुलीच्या बारशाला धारला आले आहे. इथे पत्र उघड्यावर बसून लिहिता येते, त्यामुळे अक्षर बरे आले असेल.

संक्रांतीचे गाठोडे तुम्हाला या पत्राआधी किंवा नंतर मिळेल. त्याची हकिकत सांगितली पाहिजे. तिळाच्या वड्या आणि मेतकूट केले सासूबाईंनीच, "पहाडांसाठी" म्हणून. वर जाड कापड शिवले त्यांनीच. पत्ता मात्र दादांना घालायला लावला आणि तो लिहिताना स्वतः अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. त्यात तीन लोकरीच्या कानटोप्या आहेत. लोकर इंदूरहून मागवली होती. "पहाडांच्या माथ्यावर झाड नाही म्हणतेस, थंडी वाजत असेल," असे म्हणून दिवाळीपासून विणत होत्या. तिन्ही टोप्या एकाच मापाच्या आहेत. ते माप कुणाच्या डोक्याचे हे मी विचारले नाही.

आता मुद्द्याचे. इथे आमच्या घरी उमाशंकर शास्त्री येतात. देवासलाही सगळे त्यांचा शब्द मानतात, सासूबाईसुद्धा. मी त्यांना दाराआडून सरळ विचारले, समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला घरात घेता येते का? ते म्हणाले, "प्रायश्चित्त आहे की. एका सकाळचं काम. आजकाल मुंबईकडे पुष्कळ लोक करतात. बेटावर नदी आहे का?" मी म्हटले, ओढे आहेत, डोंगरांतून येतात. म्हणाले, "मग तिथे रोज स्नान करतो का ते विचार." मी म्हटले, तिथे आंघोळीचे पाणी हाडे गोठवते. तर शास्त्रीबुवा म्हणाले, "मग निम्मं प्रायश्चित्त तिथेच झालं." आणि मोठ्याने हसले.

म्हणजे शास्त्राची आडकाठी संपली. आता देवासला जाऊन सांगते. मला वाटते चैत्रापर्यंत काम होईल. तुम्ही सामान बांधायला लागा.

बकुळा


देवास
फाल्गुन शुद्ध षष्ठी

भावोजी,

काम झाले नाही. सामान बांधले असेल तर तसेच असू द्या, पण सोडूही नका.

मी शास्त्रीबुवांचे म्हणणे सांगितले. डोंगरांच्या आडून नव्हे, सरळ. "समुद्र ओलांडलेल्या माणसाला" म्हटले, नाव घेतले नाही. सासूबाई पुरणाची डाळ वाटत होत्या. त्या म्हणाल्या, "मला काय शास्त्र शिकवतेस? पंचगव्याचं मला ठाऊक नाही का?"

"मग अडलं कुठे?" मी विचारले. आवाज जरा चढला माझा.

तेव्हा त्यांनी सांगितले. आदल्या दिवशी तुमचे-त्यांचे भांडण झाले होते, जाऊ नकोस म्हणून. पण पहाटे त्या उठल्या. पोर जाणारच, तर हातावर दही तरी घालावे म्हणून आत गेल्या. आदल्या दिवशीचे दही आंबट वाटले, म्हणून वरची साय तेवढी काढून वाटीत घेतली, साखर घातली. वाटी घेऊन ओटीवर येतात तो टांगा वळणावर. "दही न घेता गेला," म्हणाल्या. "समुद्र त्यानं खुशाल ओलांडावा. माझ्या हाताचं दही ओलांडून गेला."

मी तेव्हा धारला माहेरी होते, त्यामुळे मला यातले काहीच माहीत नव्हते. आणि तुम्ही मला त्या वेळी काय लिहिले होते? "आई रागाने दारापर्यंतसुद्धा आली नाही." अहो, त्या साय काढत होत्या! तुम्ही त्यांची वाट न बघता टांग्यात बसलात, त्या रागावल्या म्हणून. त्या टांग्यामागे धावल्या नाहीत, तुम्ही रागावलात म्हणून. पाच वर्षे! एका वाटीपायी! तुम्ही दोघे एकमेकांची इतकी सही सही नक्कल आहात की तुम्हाला एकाच खोलीत कोंडून वर कडी लावली पाहिजे.

मी विचारले, "मग त्या दह्याचं काय केलंत?"

म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत तसंच होतं. मग कढी केली. आणि हे जेवताना म्हणतात, आज कढी छान झाली आहे! चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही." आणि पुन्हा वाटायला लागल्या. डाळ केव्हाच वाटून झाली होती.

तुमचे टोप्यांचे पत्र मी मग वाचून दाखवले. एक टोपी तुमच्या डोक्यावर, एक म्हाताऱ्या डॉक्टरांच्या, आणि तिसरी तुम्ही पवित्र डोंगराच्या माथ्यावर नेऊन सगळ्यांत वरच्या दगडाला घातलीत, हे ऐकून त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं उडेल. बंद नीट बांधायला पाहिजे होते त्यानं." त्यानं म्हणाल्या, भावोजी! डोंगरानं नाही. लगेच जीभ चावली आणि मला म्हणाल्या, "जा, कपडे वाळले असतील."

बकुळा


देवास
फाल्गुन वद्य एकादशी

भावोजी,

टपाल निघते आहे म्हणून एवढेच. डॉक्टरांना अजून उत्तर देऊ नका. त्या कार्डावर डावीकडे दिसतो तो खाडीचा ना? आणि दगड अगदी पांढरा की राखेसारखा? लगेच लिहा. उत्तर वेळेवर येणार नाही हे मला कळते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

बकुळा


देवास
चैत्र वद्य तृतीया, शके १८३२

प्रिय भावोजी,

तार मिळाली असेलच. ती वाचून तुम्ही घाबरला असाल किंवा हसला असाल. आता सविस्तर.

तीजेला चैत्रगौर पाळण्यात बसवली आणि गेल्या शुक्रवारी आपल्याकडे हळदीकुंकू केले. आरास दरवर्षी मी करते, पायऱ्या, बाहुल्या, फराळाची ताटे. यंदा मी गौरीच्या मागे डोंगर केले. तीन टोपल्या उपड्या घातल्या, वर तलावाकाठची चिकणमाती थापली, चुलीतली राख लावली आणि माथ्यावरून तांदळाचे पीठ घरंगळत सोडले. पुढे मोठ्या परातीत निळीचे पाणी, तो समुद्र. सासूबाई येता-जाता बघत होत्या. एकदा थांबून म्हणाल्या, "मधला उंच हवा. आणि डावीकडचा जरा बसका आहे." कार्ड आरशामागे आहे, आणि यांना सगळे तोंडपाठ! मग स्वतःच बसल्या आणि डावीकडचा थापटून बसका केला. कोपरापर्यंत चिखल. जमुनाबाई आमचे काम बघून म्हणाली, "ओ हो, थांकी गणगौर तो डूंगर पे बैठी!"

संध्याकाळी दोन्ही पात्यांच्या बायका आल्या. घर भरून गेले. आंब्याची डाळ कमी पडेल अशी मला धास्ती. आधी धाकट्या पातीतल्या मल्हाररावांच्या मातोश्री गौरीपुढे गेल्या. त्यांनी गौरीला हळदकुंकू वाहिले आणि त्याच हाताने तिन्ही डोंगरांनाही वाहिले. तीन माथे दिसले की कुठले तरी देवीचे ठाणे असणारच, असे त्यांना वाटले. त्यांनी वाहिल्यावर मागच्या सगळ्यांनी वाहिले. थोरल्या पातीतल्या बायका तर मागे कशा राहतील? त्यांनी वर फुलेही घातली. बघता बघता तुमचे जुराचे डोंगर पिवळे-लाल झाले. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. खरे सांगावे तर सगळ्या पाप लागले म्हणून माझ्यावर उसळतील, न सांगावे तर ही फसवणूक.

तेवढ्यात मातोश्रींनी विचारलेच, "कुठलं गं हे क्षेत्र? आम्हाला यात्रेला जायचं आहे."

मी तोंड उघडले. आणि मागून सासूबाईंचा आवाज आला. हातात पन्ह्याचे तबक घेऊन त्या माजघराच्या दारात उभ्या होत्या.

"तीर्थ नाही ते," त्या म्हणाल्या. "विलायतेत समुद्रात एक बेट आहे, जुरा म्हणून. त्याचे हे पहाड. माझा चिंतामणी तिथं डॉक्टर आहे."

भावोजी, ऐकलेत? तुमचे नाव. पाच वर्षांनी, आणि तेही गावच्या साऱ्या बायकांसमोर. मातोश्रींनी कुंकवाने माखलेले आपले बोट बघितले, मग डोंगर बघितले. "म्हणजे मी विलायतेला कुंकू लावलं?" म्हणाल्या.

"लावलं ते बरं केलंत," सासूबाई म्हणाल्या. "तिथं वर कुणी देवी नाही. पोरं एकटी राहतात." मग तबक खाली ठेवले, करंड्यातली चिमूट घेतली आणि सगळ्यांच्या देखत मधल्या डोंगराला स्वतः कुंकू लावले. मी रडले. मातोश्री गुडघे धरून पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर आहे ना? मग माझ्या गुडघ्यांना औषध विचार त्याला." तिथून जो गलका सुरू झाला तो दिवे लागले तरी थांबेना. तुम्हाला आता एकूण अकरा गुडघे आणि एक दमा बघायचा आहे.

बायका गेल्यावर सासूबाई स्वैपाकघरात गेल्या, दूध कोमट केले, विरजण लावले, आणि दादांना हाक मारून म्हणाल्या, "विश्वास, त्याला तार कर. दही लावलंय म्हणून कळव."

दादा म्हणाले, "आई, दही उद्या लागेल. तो यायला महिना लागेल."

"मग रोज लावीन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादा तारघरात गेले आणि इंग्रजीत मजकूर लिहून दिला, आईने दही लावले आहे, ये. तारमास्तरांनी तो तीनदा वाचला आणि हळूच विचारले, "भिया, ये दही-वही का क्या मामला हे? कोई बम-बिम की बात तो नी?" तुमचे दादा, सरकारी अंमलदार, भर तारघरात घामाघूम! शेवटी भांडण, टांगा, साय, कढी, सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. तारमास्तर ऐकत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "तो भिया, अर्जंट भेजूँ?"

आता तुम्ही काय ते ठरवा. सासूबाई माझ्याशेजारी बसल्या आहेत. डॉक्टरांचे, मे महिन्याचे, सगळे मी त्यांना सांगितले. त्यांना बरेचसे आधीच कळले होते. त्यांना आता स्वतः काही सांगायचे आहे. त्या सांगतील तसे लिहिते, एक अक्षरही इकडचे तिकडे करत नाही.

"चिंतामणी, दही न घेता गेलास. ते जाणं मी धरलेलं नाही. ये, दही घे, आणि मग परत जावंसं वाटलं तर जा. तिथल्या माणसांनाही डॉक्टर पाहिजेच, मी अडवणार नाही. टोपी घालून ये. आणि तिथं तीन पहाड आहेत, आपल्याकडे काय, एकच टेकडी, असं मनात आणू नकोस. टेकडीवर त्या दोघी आहेत, पायथ्याशी मी आहे. मोज."